शिसं आहे की नाही

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साचतात तसे. कधी आणले, कुठून आले, काही सांगता येत नाही. उघडून बघावं तर मूठभर निघतात.

माझी अडचण जरा वेगळी आहे. हे किस्से मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितले आहेत की मला घडलेलं आठवतंय की सांगितलेलं, याची आता मलाच खात्री नाही. परवा म्हात्रेंना मुद्दाम फोन केला. म्हटलं, "ते हरणांबद्दलचं वाक्य तुमचं होतं की शुभदाचं?" तर म्हणाले, "डॉक्टर, मला तर वाटत होतं तुमचंच!" तेव्हा सावध राहून ऐका.

आमची कचेरी खांदा कॉलनीत होती, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. शुभदा माझी जुनी विद्यार्थिनी. ती कचेरी तिची. मी कॉलेजातून रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि ती म्हणाली, "सर, तुम्ही या." दयेनं म्हणाली की गरजेनं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिसरे म्हात्रे. तळोज्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आला.

काळ दोन हजार पाच-सहाचा. युरोपने नियम केला होता की इलेक्ट्रॉनिक मालात शिसं, पारा, कॅडमियम असे सहा पदार्थ ठरावीक मर्यादेपलीकडे चालणार नाहीत. इकडच्या छोट्या कारखानदारांची धांदल उडाली. आपल्या मालात नेमकं काय आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? ती माहिती मिळवायची आणि मिळालेल्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा ते सांगायचं, हे आमचं काम. त्यातलं पहिलं कुणीही करतं. दुसऱ्यासाठी मला ठेवलं होतं. मी, ज्याला घराला कुलूप लावलं की नाही हे जिना उतरल्यावर आठवत नाही!

* * *

रशीदभाई पहिल्यांदा आले ते पाव किलो खजूर आणि एक पत्र घेऊन.

त्यांचा सुकापूरला एक गाळा होता. तिथे गीझर आपोआप बंद करणारे टायमर बनायचे, म्हणजे त्यातले सर्किट बोर्ड. पुण्याची एक कंपनी ते घ्यायची आणि पुढे जर्मनीला पाठवायची. पत्र त्या कंपनीचं होतं. टायमरमधल्या एकतीस सुट्या भागांपैकी प्रत्येकात ते सहा पदार्थ नाहीत हे तीन महिन्यांत दाखवून द्या, आणि कशाच्या आधारावर म्हणता तेही लिहा. जमलं नाही तर पुढची ऑर्डर नाही.

"अठरा बायका आहेत माझ्याकडे," रशीदभाई म्हणाले. "ऑर्डर गेली तर मी भावाच्या दुकानात बसेन. त्या कुठे बसतील?"

मग ते माझ्याकडे वळले.

"डॉक्टरसाब, माझ्या मालात शिसं आहे की नाही, खुदा की कसम, मला माहीत नाही. आहे म्हणालात तर काढतो. नाही म्हणालात तर सही करतो. फक्त 'बहुधा' म्हणू नका!"

मी आयुष्यभर 'बहुधा'वरच पगार घेतला होता.

* * *

मी एक पट्टी तयार केली. आपण स्वतः मोजलेली माहिती 'अ'. त्रयस्थ प्रयोगशाळेने मोजलेली 'ब'. माल बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने लिहून दिलेली 'क'. कुणीतरी तोंडी सांगितलेली 'ड'. पुण्याची कंपनी 'ड' मानायचीच नाही. पट्टी टाइप करून मी भिंतीवर लावली. शुभदाने तिला लॅमिनेशन केलं, त्यामुळे ती खरी वाटायला लागली.

'क' दर्जाची पत्रं भराभर यायला लागली. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला एक दुकानदार तर इतका तत्पर की दुपारी विचारावं आणि चहा यायच्या आत फॅक्सवर सर्टिफिकेट: 'आमच्या मालात शिसे नाही.' खाली शिक्का, सही, तारीख. माझा जीव भांड्यात पडत होता.

शुभदा म्हणाली, "सर, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा एक प्रश्न त्याला विचारून बघू या का?"

तिने त्याला साठ-चाळीस सोल्डरचं, म्हणजे सर्किटचे जोड सांधायच्या डाखाचं, सर्टिफिकेट मागितलं. साठ-चाळीस म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. वर्षानुवर्षं सगळे तेच वापरत आले होते. त्यात शिसं आहे की नाही हे विचारणं म्हणजे मिठात मीठ आहे का असं विचारणं!

अकरा मिनिटांत फॅक्स आला. 'आमच्या मालात शिसे नाही.'

म्हात्रेंनी फोन लावला आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पलीकडचा माणूस मुळीच चिडला नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, तुम्हाला कसं पाहिजे ते आधी सांगायचं ना! 'शिसं आहे' असंही देतो!"

मी फायलीतून त्याची आधीची चार सर्टिफिकेटं काढली. यादीतल्या चार भागांच्या जागा पुन्हा रिकाम्या झाल्या. रशीदभाईंना ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "थोडं मागे आलोय." ते म्हणाले, "मागे यायला आपण पुढे कधी गेलो होतो?"

* * *

ज्या आयसीवर, म्हणजे चिपवर, तो टायमर चालायचा ती एका मोठ्या परदेशी कंपनीची होती. त्यांनी आमच्या पत्राला उत्तर म्हणून एक जाड पुस्तिका पाठवली. गुळगुळीत कागद, कंपनीचं पर्यावरणविषयक धोरण, आणि शेवटी बारीक टायपात संदर्भांची चार पानं!

संदर्भ दिसले की मी विरघळतो. तो माझा जुना दोष आहे. दोन दिवस मी ती पुस्तिका वाचत होतो. शेवटी आपलीच पट्टी विसरून शेऱ्यात लिहिलं, 'माहिती सखोल, स्रोत विश्वसनीय, दर्जा ब.'

म्हात्रेंनी पुस्तिका मागून घेतली. खरेदी खात्यातल्या सवयीप्रमाणे ओळीखाली फूटपट्टी धरून पहिल्या पानापासून वाचत गेले. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले.

"डॉक्टर, मोजून झालं. झाडं एकवीस. हरणं दोन. हेल्मेट घालून हसणारी माणसं चौदा. शिसं शून्य."

"शून्य म्हणजे... नाही म्हणतात ना ते?"

"नाही कुठे म्हणतात! शब्दच नाही पुस्तकात!"

मी पुन्हा चाळून बघितलं. खरोखर नव्हता. दोन दिवस मी जे वाचलं असं मला वाटत होतं ते मी वाचलंच नव्हतं. मला हवं होतं ते मी त्यात बघितलं होतं.

म्हात्रेंनी त्या कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. चार ओळींचं. अमुक नंबरच्या आयसीच्या पायांवर जो मुलामा असतो त्यात शिसं आहे का, हो की नाही, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव व हुद्दा. मी म्हटलं, "नाव कशाला?" ते म्हणाले, "कंपनी उत्तर देते तेव्हा हरणं येतात. माणूस उत्तर देतो तेव्हा तो आधी उठून कपाट उघडतो."

तीन आठवड्यांनी कुणा इंजिनिअर बाईंचं उत्तर आलं. गेल्या वर्षीच्या मालात होतं, या वर्षीच्या मालात नाही, आणि दोन्ही पाकिटावरच्या कोणत्या आकड्यावरून ओळखायचे ते. खाली नाव, हुद्दा. हरणं नव्हती. रशीदभाईंच्या गाळ्यात दोन्ही वर्षांचा माल एकाच डब्यात निघाला!

* * *

त्या एकतीस भागांतल्या एका कपॅसिटरने आम्हाला फार छळलं. त्याच्या वेष्टनात कॅडमियम आहे की नाही हे कुठेच कळेना. बनवणारे उत्तर देईनात. महिना उलटून गेला.

आणि मग एका सकाळी इंटरनेटवर एकाच वेळी तीन ठिकाणी मला उत्तर सापडलं. एक माहितीचा मोठा साठा होता, एक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं वार्तापत्र आणि एक कुठल्याशा सल्लागाराचा लेख. तिन्हीकडे लिहिलेलं: कॅडमियम नाही. तीन स्वतंत्र स्रोत! कॉलेजात मी पोरांना हेच शिकवत आलो होतो की एकावर विसंबू नका, तीन एकमेकांना दुजोरा देत असतील तर माना. मी सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

वडापाव खाता खाता शुभदा त्या साठ्यात खाली खाली जाऊन बघत होती की त्यांना ही माहिती कुठून मिळाली. साठ्याने वार्तापत्राचा हवाला दिला होता. वार्तापत्राने त्या लेखाचा. आणि लेखात लिहिलं होतं, 'भारतातल्या एका सल्लागार संस्थेनुसार.'

"सर," ती हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात आपण एका चर्चास्थळावर प्रश्न टाकला होता ना? 'आमच्या समजुतीप्रमाणे यात कॅडमियम नसावं, कुणी खात्री देऊ शकेल का?'"



म्हात्रेंनी तोंडातला घास संपवला. "म्हणजे आपण आपल्यालाच विचारलं, आणि आपणच हो म्हणालो."

'नसावं'चं 'नाही' कुठे झालं ते मी नंतर शोधून काढलं. त्या लेखातच. जागा वाचवायला. त्या दिवसापासून मी काही लिहायला बसलो की वाटतं, हे उद्या माझ्याकडेच पुरावा म्हणून येणार आहे. तो कपॅसिटर आम्ही रशीदभाईंना बदलायला लावला. नवा महाग होता. ते म्हणाले, "चालेल. निदान तो आपल्या ओळखीचा तरी नाही!"

* * *

मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दुसऱ्यांचं काहीच नको, मी स्वतः मोजतो. दर्जा 'अ'!

माझ्या जुन्या कॉलेजातली प्रयोगशाळा मला आठवडाभर वापरायला मिळाली. तिथले अटेंडंट गायकवाड माझ्याच काळातले, निवृत्तीला आलेले. मी बोर्डाचे तुकडे ॲसिडमध्ये विरघळवले, यंत्रावर लावले. शिसं दिसलं. दुसऱ्या तुकड्यात दिसलं. प्लास्टिकच्या बटणात दिसलं. शेवटी नियमाप्रमाणे नुसतं डिस्टिल्ड वॉटर लावून बघितलं, ज्यात काहीही असायला नको. त्यातही शिसं!

दोन दिवस मी काचसामान धूत होतो. हात सोलवटले. शेवटी पाणी तयार होतं त्या यंत्रापाशी गेलो. तांब्याचं जुनं भांडं. त्याच्या नळीच्या जोडावर सोल्डरचा जाडजूड थर होता.

"गायकवाड, हे कुणी केलं?"

"मीच ना सर!" त्यांचा चेहरा उजळला. "गळत होतं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं काहीतरी करा म्हणून. वीस वर्षं झाली, थेंब नाही गळला!"

मी त्यांना शाबासकी दिली. दुसरं काय करणार?

पण घरी येऊन कपाट उघडलं. त्या वीस वर्षांत मी खाडीच्या पाण्यातल्या शिशावर दोन निबंध लिहिले होते. त्याच प्रयोगशाळेत, त्याच पाण्यानं. प्रयोगशाळेच्या पाण्यातलं शिसं मी वजा केलं असणार. तशी पद्धतच आहे. केलं असणार. वह्या चाळल्या, पण त्या पानांवर शाई पसरली होती. हा किस्सा सांगताना लोक हसतात तेव्हा मीही हसतो.

* * *

शेवटी एकतीसच्या एकतीस भागांची माहिती जमली. नवं, बिनशिशाचं सोल्डर केव्हाच गाळ्यात आलं होतं, त्याचं रीळ बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून झालं होतं. आता फक्त तयार बोर्डांचे तीन नमुने मुंबईला तपासायला पाठवायचे आणि अहवाल पुण्याला द्यायचा. मुदत संपायला पंचवीस दिवस होते.

अहवाल आला. तिन्ही बोर्डांवर शिसं. थोडंथोडकं नाही, मर्यादेच्या कितीतरी वर.

म्हात्रेंचा संशय सोल्डर विकणाऱ्यावर. शुभदाचा प्रयोगशाळेवर. माझा माझ्यावर, कारण नमुने पाकिटात मी भरले होते. रशीदभाईंनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे संपलं?"

आम्ही रिक्षाने सुकापूरला गेलो. बायकांची जेवणाची सुट्टी होती. कामाच्याच बाकांवर डबे उघडलेले, भाकरी आणि सुकट. मुकादम होत्या कुंदाताई. उरणकडच्या कोळ्यांची मुलगी, लग्न होऊन इकडे आलेली. अठरा जणींना सोल्डरिंग त्यांनीच शिकवलेलं.

"कुंदाताई, ते तीन नमुने कुणी बनवले?" मी विचारलं.

"मीच. आनखी कोन करनार? तुमी मुंबयला धाडनार होता ना!"

"सोल्डर कुठलं वापरलं?"

"नवीनच."

"फक्त नवीन?"

"नवीनच ओ सर. मंग वरून जराशी जुनी फिरवली."

"जुनी?" रशीदभाई जवळजवळ ओरडले. "का?"

"का म्हंजे?" कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी एक नवा बोर्ड उचलून आमच्या नाकासमोर धरला. "ह्यो बगा तुमचा नवीन सोल्डर. कसा मलकट, खरबरीत! जॉइंट कसा पायजे? ताज्या पापलेटाच्या डोल्यासारखा! पावन्याच्या ताटात कोन शिली मासली वाढतो काय? मुंबयचं लोक बगतील, म्हनतील सुकापूरच्या बायांना काम येत नाय!"

नव्या सोल्डरचा जोड मळकाच दिसतो. तो तसाच असायचा असतो. हे मला माहीत होतं, शुभदाला माहीत होतं, कागदावर लिहिलेलं होतं. फक्त ज्यांच्या हातून तो व्हायचा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, पण शिसं चालणार नाही म्हणून तर हे सगळं चाललंय!" शुभदा म्हणाली.

"कोन बोलला आमाला? सेठ बोलले, नवीन रील वापरा. वापरला ना!"

मी त्यांना शिशाबद्दल सांगायला लागलो. ते रक्तात कसं जातं, हाडांत कसं साठतं, लहान मुलांना काय होतं. वर्गात शिकवल्यासारखा सांगत सुटलो. बायका ऐकत होत्या. भाकरी तोडणारे हात एकेक करून थांबले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं मी कुणाला काय सांगतोय.

कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "मंग इतकी वर्सं आमी हातात धरत होतो, त्याचा काय? जर्मनीच्या मान्सांना नको, आनि आमाला चालत होता?"

तीन महिन्यांत मी शेकडो प्रश्न वाचले होते. हा कुठल्याच फॉर्मवर नव्हता. मी म्हटलं, "जेवणाआधी हात साबणाने धुवा." ते बरोबर होतं, आणि ते उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी साबणाच्या वड्या, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि डब्यांसाठी वेगळं टेबल आणलं. बिल आम्हाला दाखवायला आले नाहीत, पण टेबल मुद्दाम दाखवलं.

* * *

नवे नमुने मी स्वतःच्या हाताने उचलायचे ठरवले. तयार मालाच्या क्रेटमधून, कुणालाही आधी न सांगता. शास्त्रशुद्ध! मी क्रेटपुढे उभा राहिलो आणि पक्षपात नको म्हणून डोळे मिटले.

"सर, डोले कशाला मिटताव?" कुंदाताई घाबरल्या. "चक्कर येते काय?"

"नाही, निवड करतोय."

"डोले मिटून? असा तर बाजारात कोनी बोंबिल पन घेत नाय!"

अठरा जणी तोंडाला पदर लावून हसल्या. मी सहा बोर्ड उचलले, मोहोरबंद पाकिटात घातले, वर सही केली. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी पाकीट नीट बंद केलं होतं का हे म्हात्रेंना रोज विचारत होतो. ते रोज "हो" म्हणायचे. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, माझं 'हो' तुमच्या पट्टीवर 'ड'च आहे. मग विचारता कशाला?"

शिसं नाही. सहाही बोर्डांत नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी कागद पुण्याला पोचले. ऑर्डर राहिली. रशीदभाई घरची बिर्याणी घेऊन आले. मी ताट बघतोय असं पाहून म्हणाले, "डॉक्टरसाब, यात काय काय आहे ते आज विचारायचं नाही!"

* * *

आता शेवटचा.

पुढे शुभदा पुण्याला गेली, कचेरी बंद झाली. आठ-नऊ वर्षं लोटली असतील. कामोठ्याला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, तिथे भाजी घेताना कुंदाताई भेटल्या. मुलाने तिथे फ्लॅट घेतला होता. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढूनच घेतली आणि मला घरी नेलं. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या.

"तुमी डोले मिटून बोरड काढलेलं, आठवतंय ना?" त्या हसायला लागल्या. "आमी अजून हसतो. पन सर, वरचं मलकं मलकं मीच काढून ठेवलेलं हो!"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे? मी येणार हे तुम्हाला..."

"रिक्षा दिसली ना कोपऱ्यावर. तुमाला मलकाच पायजे होता, म्हनून मलकाच वर ठेवला."

"आणि खाली?"

"खाली बी नवीन सोल्डरच. पन चार जनींचा हात लय चांगला, त्या नव्या सोल्डरला बी चमक आनायच्या. ती बगून तुमी उगाच घाबरला असता. म्हनून खाली सारलं."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी वाटायला लागलं की त्या क्रेटमधले खालचे बोर्ड जर्मनीला गेले, माझ्या सहीवर गेले, आणि त्यांत काय होतं हे मला माहीत नाही.

रशीदभाईंची एक पद्धत होती. प्रत्येक महिन्याच्या मालातला एकेक बोर्ड दोरीत ओवून गाळ्याच्या खिळ्याला टांगायचा. गाळा अजून चालू होता, माळ अजून खिळ्याला होती. म्हटलं, त्या महिन्याचा आणि पुढच्या सहा महिन्यांचे बोर्ड मला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. दोरी सोडताना फक्त म्हणाले, "आता कुठली ऑर्डर जायची राहिली आहे, डॉक्टरसाब?"

आणि घरून मी आणखी एक घेतला. त्या वर्षीच्या दिवाळीला, ऑर्डर राहिली म्हणून, सुकापूरच्या बायकांनी मला एक टायमर दिला होता. अठरा जणींनी मिळून हाताने केलेला, डबीवर हळद-कुंकू लावलेला. देताना कुंदाताई म्हणाल्या होत्या, "ह्यो बाजारचा नाय, आपल्या घरचा हाय." तो आमच्या गीझरवर इतकी वर्षं एकदाही न बिघडता चालला होता. त्याच काळातला म्हणून बरोबर घेतला, एवढंच.

तळोज्याला माझा एक माजी विद्यार्थी जुन्या इलेक्ट्रॉनिक मालातून धातू वेगळे काढण्याचा व्यवसाय करतो. त्याच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. वस्तूवर टेकवून घोडा दाबला की तिच्यात कोणते धातू किती आहेत ते पडद्यावर येतं. त्याने माळेतले सातही बोर्ड माझ्यासमोर मोजले, मळके आणि चमकदारही. एकातही शिसं निघालं नाही. मी खुर्चीत बसलो. त्याने पाणी दिलं.

मग त्याने माझा टायमर उघडला आणि म्हणाला, "वा, सर! काय सुरेख काम आहे!" एकूण एक जोड लखलखत होता.

त्याने यंत्र टेकवलं. आम्ही दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. "सर, हा जुन्या मालातला असणार," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही. रशीदभाईंनी जुन्या सोल्डरचं शेवटचं रीळसुद्धा पोत्यात भरून माझ्यादेखत गाळ्याबाहेर काढलं, त्यानंतरच्या महिन्यातला आहे हा.

मी त्याला पुन्हा मोजायला सांगितलं. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला. शिसं, अडतीस टक्के.